रोंदा: कड्यावरचं गाव आणि तळातलं पाणी

स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांतातलं रोंदा बघायला येणारा माणूस आधी जातो तो ‘नव्या पुला’वर. कठड्यावरून डोकावलं की खाली शंभर मीटरच्या आसपास खोल दरी, तळाशी ग्वादालेविन नदी आणि सरळ तुटलेल्या कड्यांच्या अगदी टोकाशी उभी असलेली घरं. फोटो काढून बरेच जण परत फिरतात. पण रोंदा समजून घ्यायचं तर पुलापेक्षा त्या पाण्याकडे बघावं. या गावाचं बरंवाईट त्यानेच ठरवलं.

आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ पावणेआठशे वर्षं रोंदा मुसलमानी सत्तेखाली होतं. नदीचं नावही अरबीतूनच आलेलं. ‘दुधाची नदी’ असा त्याचा अर्थ लावतात. कड्यांमुळे गावावर चाल करून येणं महाकठीण. मात्र वेढा पडला की प्यायचं पाणी सगळं खाली, दरीच्या तळाशी. म्हणून चौदाव्या शतकात कड्याच्या पोटातून नदीपर्यंत जिना खोदला गेला. आज ‘मूर राजाचं घर’ (मूर म्हणजे स्पेनमधले मुसलमान) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्याच्या बागेतून तो उतरता येतो. वाडा मात्र अठराव्या शतकातला आहे. नावावर जाऊ नये. जिना अंधारा, ओलसर, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. दोनशेच्या घरातल्या या पायऱ्यांवरून ख्रिस्ती कैदी पाण्याच्या पखाली वर पोचवत. ‘रोंद्यात पखाली वाहता वाहता मरशील’ असा शापच त्या काळी रूढ झाला होता. रिकाम्या हातांनी चढतानाही इथे धाप लागते. भरलेली पखाल पाठीवर असताना काय होत असेल, हे त्या पायऱ्यांवरच कळतं.

मे १४८५ मध्ये स्पेनचा ख्रिस्ती राजा फर्नांदो याच्या फौजेने रोंद्याला वेढा घातला. तोफांनी तट फोडला, पाणी तोडलं आणि अजिंक्य समजलं जाणारं गाव थोड्याच दिवसांत शरण आलं. रोंदा ज्याचा भाग होतं त्या ग्रॅनाडाच्या मुसलमानी राज्यातून सुटलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्या टोलेडो शहरातल्या सान हुआन दे लोस रेयेस मठाच्या बाहेरच्या भिंतींवर आजही टांगलेल्या आहेत.

यानंतर गाव दरीच्या पलीकडे सरकलं. तटाच्या आत माल आणायचा तर जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी पलीकडेच दुकानं मांडू लागले. त्या वस्तीचं नावच ‘मेर्कादिल्यो’ पडलं, म्हणजे छोटा बाजार. दोन वस्त्यांना जोडणारा जुना पूल खाली, दरी उथळ होते तिथे. ऐन कड्याच्या उंचीवरून पूल हवा म्हणून १७३५ मध्ये एकाच मोठ्या कमानीचा पूल घाईने उभा केला. १७४१ मध्ये तो कोसळला आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. आजच्या पुलाचं काम १७५१ मध्ये सुरू झालं आणि १७९३ मध्ये संपलं. बेचाळीस वर्षं! शेवटची धुरा वाहिली ती स्थपती होसे मार्तिन दे आल्देउएला यांनी. मधल्या कमानीवर एक खोली आहे, तिचा तुरुंग म्हणूनही वापर झाला.

भोवतालच्या डोंगरांसाठी निदान एक दिवस हाताशी ठेवावाच. पश्चिमेला ग्रासालेमाचे डोंगर अटलांटिकवरून येणारे ढग अडवतात, त्यामुळे तिथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोरड्या समजल्या जाणाऱ्या आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, हे नवलच! या ओलाव्यावर पिन्सापो हा सूचिपर्णी वृक्ष टिकून आहे. त्याची आखूड, राठ पानं फांदीभोवती चहूबाजूंनी, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी येतात. युरोपात तो निसर्गतः फक्त याच टापूत उगवतो.

पूर्वेला सिएरा दे लास निएव्हेस, हिमाचे डोंगर. ग्वादालेविनचं पाणी तिकडूनच येतं. २०२१ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. पूर्वी इथली माणसं हिवाळ्यात भुसभुशीत बर्फ मोठ्या गोल खड्ड्यांत भरून, तुडवून घट्ट करत आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर घालत. उन्हाळ्यात त्याच्या लाद्या कापून, खेचरांवर लादून रातोरात खाली नेत, ऊन चढायच्या आत मालागाच्या बाजूच्या गावांत पोचायला. दगडांनी बांधलेले ते खड्डे डोंगरवाटांवर अजून दिसतात.