जास्वंदीच्या कुंडीला काळी माती का मानवत नाही

सोलापुरात कुंडी भरायची म्हटली की दोन सल्ले ठरलेले असतात. गावाकडून शेतातली काळीभोर माती आणा, तिच्यासारखा कस कशात नाही. आणि पाणी साचू नये म्हणून तळाशी दोन बोटे खडी घाला. पहिला सल्ला शेतात खरा, कुंडीत खोटा. दुसरा तर मुळातच खोटा. दोन्ही एकत्र पाळले की जास्वंदीची मुळे पावसाळा संपायच्या आत कुजू लागतात.

काळ्या मातीचा कस नाकारायचे कारण नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाऊस ओसरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पोसते. भारी काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते. तिचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, आणि त्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते. शेतात वरच्या पाण्याला खाली ओढायला मीटरभर सलग माती असते, म्हणून चार दिवस उघडीप मिळाली की वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची राहते. बारा इंची कुंडीत मातीची उंची जेमतेम ३० सेंटीमीटर, आणि तिच्याखाली मोकळी हवा. इथे वाफसा येणे अवघड होऊन बसते.

खाली भोक असूनही पाणी का अडते? कारण ते मातीच्या पोकळ्यांना चिकटून असते. हेच केशाकर्षण. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३० सेंटीमीटर चढते, १ मिलिमीटरच्या नळीत फक्त ३ सेंटीमीटर. कुंडीतून पाणी गळते ते वरच्या पाण्याचे वजन या धरून ठेवणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त असेपर्यंतच. तोल साधला की गळती थांबते आणि तळाशी पूर्ण भिजलेला एक पट्टा उरतो. त्याची उंची पोकळ्यांच्या आकारावर ठरते. भोके वाढवून ती कमी होत नाही. आंघोळीचा स्पंज पाण्यात बुडवून ताटावर तिरपा न करता आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. लगेच पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, पोकळ्या त्याच, पाण्याच्या स्तंभाची उंची तेवढी वाढली. उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी ती याच कारणाने.

आता खडीचे बघू. बारीक पोकळीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजल्यावरच ते खडीत टपकते. म्हणजे तो भिजलेला पट्टा तळाऐवजी खडीच्या डोक्यावर येऊन बसतो. समजा ३० सेंटीमीटरच्या कुंडीत हा भिजलेला पट्टा ८ सेंटीमीटरचा आहे. खडी नसेल तर मुळांना २२ सेंटीमीटर हवेशीर जागा मिळते. ५ सेंटीमीटर खडी घातली की १७च उरते. भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा ठेवा, तेवढे पुरते.

मुळे श्वास घेतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक चढतात. माती ओली असूनही झाड दुपारी माना टाकते ते मुळे पाणी ओढेनाशी झाल्यामुळे. अशा वेळी तांब्याभर पाणी आणखी ओतणे म्हणजे झाड मारणे. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. काळी माती सुकून आकसते, कुंडीच्या कडेला फट पडते, वरचे पाणी त्या फटीतून थेट भोकाबाहेर जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कळ्या गळायला हे एक मोठे कारण आहे. बाईच्या विटाळाने किंवा कुणाची दृष्ट लागून जास्वंद वाळत नाही. कुंडीत बोट खुपसून ओल बघितली तर निम्म्या वेळा कारण तिथेच सापडते.

दुसरी अडचण चुनखडीची. तिच्यामुळे इथल्या काळ्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्माचे माप) बहुधा ८ च्या वर असतो, जास्वंदीला हवा ६ ते ६.८. लोहाच्या एका अणूला अवक्षेपात (न विरघळणाऱ्या गाळात) बसवायला तीन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून सामू एका अंकाने वाढला की विरघळलेले फेरिक लोह दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार पटीने घटते. मातीत लोह भरपूर आणि झाड उपाशी. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकली तर तिचेही लोह लवकरच अडकते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले) लोह एक-दोन ग्रॅम दीड लिटर पाण्यात (पाणी गडद लाल होते) मुळाशी द्यावे, ते चुनखडीतही टिकते. माती आणण्याआधी कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा; फसफसली तर ती जास्वंदीला नको. कुंडीत चुना टाकायचा सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत शोभतो, सोलापुरात तो उलटा पडतो.

मग भरायचे काय? बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण बसते. धुतलेले कोकोपीट ६ लिटर, विटांचा २ ते ५ मिलिमीटरचा चुरा किंवा जाड परलाइट ५ लिटर, गांडूळखत ३ लिटर, लाल माती २ लिटर आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड. भरताना थोडे दबते, म्हणून बेरीज १६ आहे. कोकोपीटमध्ये मीठ असते. भिजवून, पिळून, दोन-तीन पाणी बदला. विटांचा चुरा चाळून धूळ काढून टाका, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. सिमेंट किंवा चुन्याचा गिलावा चिकटलेले तुकडे घेऊ नका. हाडांचे खत टाळा, स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाले की लोहाचा मार्ग आणखी अडतो. काळ्या मातीत मूठ-दोन मूठ वाळू मिसळून भागत नाही. वाळूचे कण एकमेकांना टेकत नाहीत तोवर त्यांच्यामधली जागा चिकणमातीच भरते. सांगोल्याकडची डाळिंबे हलक्या, मुरमाड जमिनीत खुलतात त्यामागेही निचराच आहे, पण मुरूम वापरायचा तर त्याचीही लिंबाची परीक्षा घ्या.

रोप लावण्याआधी मिश्रण तपासून घ्या. भोके चिकटपट्टीने बंद करा, ओलसर मिश्रण भरा, पृष्ठभागावर पाणी दिसेपर्यंत सावकाश ओता, अर्धा तास थांबा. मग कुंडी बादलीवर धरून पट्टी काढा आणि ठिबकणे थांबेपर्यंत आलेले पाणी मोजा. तेवढीच जागा आता हवेने भरली. १५ लिटरच्या कुंडीतून सव्वादोन ते तीन लिटर पाणी आले तर मिश्रण जमले. कमी आले तर चुरा वाढवा. साडेतीनच्या वर गेले तर कोकोपीट वाढवा, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी घालावे लागेल. गांडूळखत कुजत जाऊन मिश्रण वर्षभरात दोन-तीन बोटे खाली बसते आणि पोकळ्या बारीक होतात, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी, जून-जुलैत पहिला पाऊस पडल्यावर, ते बदलावे. त्या वेळी मुळांच्या गोळ्याचा बाहेरचा थर बोटांनी मोकळा करा. नर्सरीच्या पिशवीतून आलेला घट्ट चिकण गोळा तसाच लावला तर नव्या मिश्रणाच्या मधोमध जुनीच अडचण लावल्यासारखे होते.