मुसांड्याचं खरं फूल कुठलं?

श्रावणात ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेने वर निघालं की हिरव्या गचपणात अधूनमधून पांढरे कागदाचे कपटे अडकल्यासारखे दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, ही भूतकेशी. कोकणात हिला शेरवड म्हणतात आणि गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधतात. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागांत गुलाबी घोसांनी लगडलेला मुसांडा हा तिचाच जवळचा नातलग. दोघांचं कूळ कॉफीचं, अनंताचं आणि कदंबाचं.

मुसांड्याचा एक घोस तळहातावर घेऊन पाहा. मऊ, लवदार, गुलाबी असं जे डोळ्यांत भरतं ते फूल नव्हे. मधोमध नखाएवढी पिवळी चांदणी असते, तिच्याखाली बारीक नळी, फूल ते. कळीच्या बाहेरच्या बाजूला जी पाती असतात त्यांना निदलं म्हणतात. त्यांतली काही वाढून पानाएवढी होतात, रंग धरतात आणि आपण त्यांनाच पाकळ्या समजतो. चांदण्या लवकर गळून जातात, निदलं मात्र आठवडेच्या आठवडे टिकतात. म्हणून तर झाड सतत फुललेलं वाटतं.

जंगलातल्या भूतकेशीला हा खटाटोप का करावा लागतो, ते मला फार विलक्षण वाटतं. हिच्या झुडपांत दोन प्रकार असतात. एकाच्या फुलात कुक्षी (पराग झेलणारं टोक) वर आणि केसर (पराग देणारे) खाली, दुसऱ्याच्या फुलात नेमकं उलटं. आपल्याच प्रकारच्या झुडपाचा पराग चालत नाही, दुसऱ्या प्रकारचाच लागतो. त्यातून झुडपं एकमेकांपासून लांब लांब उगवलेली. अशा वेळी फुलपाखराला दुरून दिसेल अशी खूण हवीच. घोसातल्या मोजक्या फुलांचं एकेक निदल पांढरंशुभ्र होतं आणि रानाच्या अंधारात झेंड्यासारखं उठून दिसतं. पश्चिम घाटात अभ्यासकांनी ही पांढरी निदलं काढून पाहिली, तेव्हा फुलपाखरांच्या भेटी कमी झाल्या.

बागेतल्या मुसांड्याची गोष्ट फिलिपिन्समधली. 1915 साली तिथल्या माकिलिंग डोंगरावर असं एक झाड सापडलं की त्याच्या फुलाची पाचही निदलं मोठी आणि पांढरी होती. पुढे आफ्रिकेतल्या लाल मुसांड्याशी संकर करून गुलाबी वाण तयार झाले आणि त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींची नावं दिली गेली. 'डोना लूझ' हा गुलाबी वाण लूझ मॅगसेसे यांच्या नावाचा. विनोबांना 1958 साली ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, त्या रॅमन मॅगसेसे यांच्या त्या पत्नी.

या देखण्या वाणांना बी सहसा धरत नाही, म्हणून रोप गुटी कलमाने करायचं. जूनमध्ये पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोलाकार काढा, ओलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) गुंडाळा आणि वर प्लास्टिक घट्ट बांधा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. फांदी खोचूनही रोप होतं, पण त्यात बऱ्याच फांद्या कुजतात.

ऊन पाच-सहा तास तरी हवं. सावलीत झाड जगतं, पण घोस येत नाहीत. घोस नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे फेब्रुवारीअखेर निम्म्यापर्यंत छाटणी करायला अजिबात कचरू नका. आमच्या सोसायटीत तीन वर्षं कात्री लागली नव्हती. झाड दहा फूट वाढलं आणि गुलाबी रंग फक्त पहिल्या मजल्यावरच्यांना दिसायचा. कुंडी असेल तर बारा इंचांपेक्षा लहान नको, आणि तळाची भोकं मोकळी हवीत, कारण आपल्या पावसात साचलेलं पाणी मुळं कुजवतं.

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर भरमसाट खत घालू नका. नव्या इमारतींच्या वाफ्यांत मातीखाली बऱ्याचदा सिमेंटचा राडारोडा असतो. त्यातल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. आमच्याकडे फूटभर खणून राबीट काढलं, लाल माती आणि शेणखत भरलं, थोडं चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं) दिलं, तेव्हा कुठे नवी पानं हिरवी आली. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा.

जमिनीत जागा असेल तर मुसांड्याशेजारी एक भूतकेशीही लावा, असं मी आग्रहाने सांगेन. रोप रोपवाटिकेतून आणा, येऊरमधून उपटून नको. ते राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे. तिची पानं कुरतडलेली दिसली तर फवारा लगेच उचलू नका. पानाच्या टोकाशी नीट बघा. कमांडर फुलपाखराची अळी पान खाते, मधली शीर तेवढी ठेवते, आणि त्या शिरेच्या पुढे स्वतःच्या विष्ठेचे कण एकाला एक चिकटवून लांब काडी बनवते. त्या काडीवर ती दिवसभर स्तब्ध बसून राहते, वाळक्या पानाच्या तुकड्यासारखी.