संघनायक (स्काऊट व गाईड)

स्काऊट किंवा गाईड पथकातल्या एका संघाचा प्रमुख. संघात सहा ते आठ मुले किंवा मुली असतात, अशा काही संघांचे मिळून एक पथक होते आणि पथकाची देखरेख स्काऊटर किंवा गाईडर या प्रौढ व्यक्तीकडे असते. संघनायक मात्र मुलांमधलाच, त्यांच्याच वयोगटातला असतो. त्याच्या हाताशी उपसंघनायक असतो, आणि मोठ्या पथकात सगळ्या संघांमध्ये मेळ राखायला एक पथकनायकही नेमतात. भारतात संघनायकाच्या डाव्या खिशावर, सभासद चिन्हाच्या दोन्ही बाजूंना, हिरव्या कापडाची एकेक उभी पट्टी असते. उपसंघनायकाला एकच पट्टी मिळते. शेकडो मुलांच्या मेळाव्यात कुणाकडे चौकशी करायची, हे या पट्ट्यांवरून चटकन कळते.

गणवेश, गाठी, शेकोटी या गोष्टी इतर बालसंघटनांकडेही आहेत. मुलांच्या छोट्या गटाची जबाबदारी खरोखरच एका मुलाच्या हाती सोपवणे, हे स्काऊटिंगला इतरांपासून वेगळे करणारे मुख्य लक्षण आहे, असे चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी स्काऊटमास्तरांसाठी (स्काऊटरचे जुने नाव) लिहिताना ठासून सांगितले आहे. या रचनेला संघपद्धती म्हणतात.

उगम

या कल्पनेचे बीज दक्षिण आफ्रिकेत सापडते. ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यातल्या बोअर युद्धात माफेकिंग शहराला २१७ दिवस वेढा पडला होता (१८९९–१९००). शहराच्या बचावाची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्याकडे होती. मोठी माणसे लढायला मोकळी राहावीत म्हणून त्यांचे लष्करी सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या मुलांचे एक दल उभे केले. ही मुले निरोप आणि टपाल पोचवत, टेहळणीला बसत. त्यांचा म्होरक्याही मुलगाच होता. विश्वास टाकला तर मुले तो राखतात, ही खात्री बेडन-पॉवेल यांनी तिथून सोबत नेली.

तिची पद्धतशीर परीक्षा ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राउनसी बेटावर झाली. उच्चभ्रू निवासी शाळांमधली आणि पूल व बोर्नमथ या गावांच्या परिसरातल्या कामकरी घरांतली अशी वीसेक मुले एकत्र आणून त्यांचे लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी, अशा नावांचे चार संघ केले गेले. प्रत्येक संघाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाची फीत होती. शिबिरात काय किंवा रानात काय, आपल्या संघाच्या वागणुकीला संघनायक पूर्णपणे जबाबदार राहील, असे आधीच ठरले होते. रोज रात्री एका संघाची पहाऱ्याची पाळी असे. संघनायक पीठ, बटाटे, मांस, चहा असा शिधा मोजून घेई आणि नेमून दिलेल्या जागी आपल्या पोरांना घेऊन मुक्कामाला जाई. मुले आपापले जेवण शिजवत, मग पहारेकरी उभे राहत. इतर संघांचे नायक आणि खुद्द बेडन-पॉवेल अंधारातून चोरपावलांनी येऊन पहारा भेदायचा प्रयत्न करत. रात्री अकराच्या सुमारास पहारा उठे आणि मुले तिथेच झोपत. त्या आठवड्यात संघनायकांनी जे केले तेच आजच्या संघनायकालाही शिबिरात करावे लागते: शिधा, जागा, माणसे आणि रात्र सांभाळणे.

पुढच्या वर्षी ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांत निघाले आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ते वाचून ठिकठिकाणच्या मुलांनी मोठ्यांची वाट न पाहता आपापले संघ बांधले, नायक निवडला आणि मग स्काऊटमास्तर होईल असा कुणी मोठा माणूस शोधायला निघाली. मुलींनीही तेच केले. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर सुमारे दहा हजार स्काऊट जमले, तेव्हा काही मुली स्वतःचे संघ करून तिथे हजर झाल्या. त्यांना परत पाठवणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी गाईड चळवळीची रीतसर स्थापना झाली. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर पुष्कळ ठिकाणी संघनायक आधी आला, स्काऊटमास्तर नंतर. पहिल्या महायुद्धात असंख्य स्काऊटमास्तर आघाडीवर गेले, तेव्हा ब्रिटनमधली कित्येक पथके थोरल्या संघनायकांनीच चालू ठेवली.

कामाचे स्वरूप

संघनायकाचे काम हुकूम सोडण्याचे आहे, असा समज नव्या मुलांचा आणि कधी कधी पालकांचाही असतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ वाटणी करण्यात जातो. संघात एकाकडे दप्तर म्हणजे नोंदवह्या, एकाकडे वर्गणीचा आणि ‘खरी कमाई’चा (मुलांनी कामे करून मिळवलेल्या पैशांचा) हिशेब, एकाकडे दोर, कुऱ्हाड, भांडी आणि तंबूचे सामान, एकाकडे प्रथमोपचार पेटी, एकाकडे चूल, अशी कामे असतात. कोणते काम कुणाला द्यायचे हे नायकाने आपल्या पोरांना ओळखून ठरवायचे असते. हिशेबाला घाबरणाऱ्या मुलाला चूल द्यावी की मुद्दाम हिशेबच द्यावा, असे प्रश्न त्याच्यापुढे खरोखर येतात, आणि त्यांची उत्तरे कोणत्याही पुस्तिकेत नसतात.

शिक्षण हा दुसरा भाग. नवा मुलगा प्रवेशाची तयारी करतो तेव्हा त्याला वचन, नियम, डाव्या हाताने हस्तांदोलन आणि पहिल्या गाठी शिकवण्याचे काम संघातच होणे अपेक्षित आहे. पुढच्या सोपानांची, म्हणजे परीक्षांच्या पायऱ्यांची, तयारीही शक्यतो संघातच व्हावी. बारा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाला क्लोव्ह हिच ही खांबाला दोर बांधायची गाठ शिकवताना दोघांचीही गाठ पक्की होते. स्काऊटर नायकांना आधी शिकवतो, नायक आपल्या संघाला शिकवतात. त्यासाठी पथकात नायकांचा वेगळा सराव वर्ग आणि जिल्हा पातळीवर संघनायक शिबिरे घेतली जातात.

स्काऊटर आणि संघनायक यांच्या नात्याची एक ठळक खूण शिट्टीच्या इशाऱ्यांत आहे. तीन आखूड शिट्ट्या आणि मागोमाग एक लांब शिट्टी झाली, की फक्त संघनायकांनी धावत यायचे. बाकीची मुले हातातले काम सोडत नाहीत. स्काऊटर त्यांना सूचना देतो, ते आपापल्या संघाकडे परततात आणि मिनिटाभरात सगळ्या पथकाला निरोप पोचतो. हीच शिट्टी ऐकून सगळे पथक गोळा होत असेल, तर तिथे संघपद्धती फक्त कागदावर आहे असे खुशाल समजावे.

शिबिराच्या सकाळी तपासणी होते तेव्हा गुण संघाला मिळतात. एकाच्या घडी न घातलेल्या पांघरुणाचा फटका आठ जणांना बसतो. अशा वेळी त्या मुलावर न खेकसता उद्यापासून त्याच्यासोबत पांघरुणाची घडी घालायला बसणारा नायक आपले काम शिकला आहे. संघाला नाव, ध्वज आणि आरोळी असते. स्काऊटांचे संघ प्राणी-पक्ष्यांची नावे घेतात, गाईडांचे बहुधा फुलांची.

मानसभा

संघनायकाचा अधिकार जिथे दिसतो ती जागा म्हणजे मानसभा. पथकातले सर्व संघनायक तिचे सदस्य असतात आणि पथकनायक असेल तर तोच बहुधा अध्यक्ष असतो. स्काऊटर तिथे सल्लागार म्हणून बसतो. पुढच्या महिन्याचे कार्यक्रम, शिबिराची जागा, पथकाचा पैसा, कौतुक आणि शिस्तभंग हे विषय मानसभेपुढे येतात. इथली चर्चा बाहेर बोलायची नाही, असा दंडक आहे. तो आवश्यकच आहे, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आपल्याच मित्राच्या चुकीबद्दल निर्णय करायचा असतो.

मानसभेआधी संघसभा व्हावी लागते. संघातल्या प्रत्येकाचे म्हणणे तिथे ऐकायचे आणि नायकाने ते वर मांडायचे, स्वतःला पटले नसले तरी. नायक होताना मुलांना सर्वांत जड जाते ते हेच. आपल्या संघाला डोंगरावर जायचे आहे आणि आपल्याला समुद्रावर, तर मानसभेत डोंगराची बाजू मांडायची!

निवड

देशोदेशी रीत वेगळी आहे. अमेरिकेत संघातली मुले मतदानाने नायक निवडतात, आणि सगळ्या पथकाचा ज्येष्ठ नायकही मुलेच निवडतात. तिथे संघपद्धतीची घडी बसवण्याचे मोठे श्रेय विल्यम हिलकोर्ट या मूळच्या डॅनिश स्काऊटरला जाते. नायकाच्या हिरव्या पट्ट्यांवरूनच तो ‘ग्रीन बार बिल’ या नावाने ओळखला जाई. भारतात संघाचे मत आणि स्काऊटरचा विचार यांतून नाव ठरते. निव्वळ मतदानात लोकप्रिय मुलगा येतो आणि निव्वळ नेमणुकीत आज्ञाधारक. या दोहोंमधला भारतीय मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, पण स्काऊटर खरोखर मुलांना विचारत असेल तरच.

भारतात

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झाले, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. भारतीय मुलांना दारे बंद असल्यामुळे अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासमध्ये, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी उत्तर भारतात स्वतंत्र संघटना उभारल्या. मध्य प्रांतातल्या स्काऊट चळवळीत नागपूरचे व्हिव्हियन बोस यांचा मोठा वाटा होता. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्रीकरणातून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या.

महाराष्ट्रात बहुतेक पथके शाळांशी जोडलेली आहेत. त्यामुळे हजारो मुलांना फारसा खर्च न करता गणवेश, शिबीर आणि राज्य पुरस्कारापर्यंतची वाट मिळाली, ही मोठी कमाई आहे. संघनायकाच्या बाबतीत मात्र शाळेची चौकट आड येते. वर्गात पहिला येणारा मुलगा किंवा वर्गप्रमुखच संघनायक केला जातो. सगळा संघ एकाच इयत्तेचा असला, तर थोरल्याने धाकट्याला शिकवण्याची सोयच उरत नाही. शिवाय सकाळी गणित शिकवणारे सर दुपारी मैदानावर स्काऊटर होतात, तेव्हा त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणणे मानसभेतल्या मुलाला कठीण जाते. चांगले स्काऊटर यावर साधे उपाय करतात. संघात सहावी ते नववीची मुले मिसळतात, मानसभेत शेवटी बोलतात, आणि मुलांनी ठरवलेला बेत आपल्याला कच्चा वाटला तरी धोक्याचा नसेल तर तो तसाच पार पडू देतात.

दहावीचे वर्ष लागले की आपल्याकडचा संघनायक सहसा पट्ट्या उतरवतो. त्याआधीचे शेवटचे शिबीर उपसंघनायकाने चालवावे आणि नायकाने संघात साधा सभासद म्हणून राहावे, अशी चांगल्या पथकांची पद्धत आहे. त्याच शिबिरात दप्तर, हिशेबाची वही आणि सामानाची यादी एकेक नग तपासून नव्या नायकाच्या ताब्यात दिली जाते.