नाताळातली कृतज्ञता: आठवड्यातून एकदाच, पण नेमकी

उबदार अंथरूण, नळाचं पाणी, न दुखणारे दात. या गोष्टी रोज सोबत असतात, म्हणूनच मन त्यांची दखल घेणं सोडून देतं. नव्या वस्तूचा आनंद ज्या कारणाने ओसरतो, त्याच कारणाने जुन्या सुखांचाही विसर पडतो. कृतज्ञतेचा सराव म्हणजे या सवयीत मुद्दाम आणलेला खंड. नाताळचे दिवस त्यासाठी चांगले आहेतच, पण सराव कसा करायचा यालाही महत्त्व आहे.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा 2003 सालचा प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता आणि त्याच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी लिहिण्याचं प्रमाण बदलून पाहिलं. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं. तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. वारंवार लिहिताना तेच ते मुद्दे येतात आणि यादीचीही सवय होऊन जाते, हे त्याचं संभाव्य कारण.

नाताळपूर्वीच्या आगमनकाळात चार रविवार येतात. पहिला 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान असतो. दर रविवारी पंधरा मिनिटं काढली तर हे प्रमाण आपोआप साधतं. वहीत तीन ते पाच गोष्टी लिहाव्यात, त्याही सरलेल्या आठवड्यातल्याच. ‘कुटुंब’, ‘आरोग्य’ असे शब्द लिहून काही होत नाही, कारण त्यातून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. ‘गुरुवारी मला ताप होता, तेव्हा ताई तिची कामं बाजूला ठेवून मुलांना शाळेतून घेऊन आली’ हे वाक्य उपयोगाचं. त्यात प्रसंग आहे, माणूस आहे आणि त्याने घेतलेली तसदीही आहे. शेवटी ‘हे का घडलं?’ याचं एका ओळीत उत्तर लिहावं. मार्टिन सेलिगमन यांच्या 2005 मधल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिल्या. त्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसला, पण विशेषतः ज्यांनी तो सराव आपणहून चालू ठेवला त्यांच्यात.

काही सुचेनासं झालं तर वजाबाकी करावी. एखादी चांगली गोष्ट घ्यावी, समजा एखादी मैत्री, आणि ती कशामुळे जुळलीच नसती ते लिहून काढावं: त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर, दुसऱ्या वर्गात नाव लागलं असतं तर. 2008 च्या एका अभ्यासात असं लिहिणाऱ्यांची मनःस्थिती, ती गोष्ट कशी घडली एवढंच लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. सरळ आठवणीत ती गोष्ट गृहीतच धरलेली असते. वजाबाकीत ती पुन्हा अनपेक्षित वाटू लागते.

भेटवस्तूंच्या बाबतीत जरा जपून. टिम कॅसर आणि केनन शेल्डन यांनी 2002 मध्ये नाताळातल्या समाधानाचा अभ्यास केला. ज्यांच्या नाताळात कुटुंबाचा सहवास आणि धार्मिक अनुभव ठळक होते ते अधिक आनंदी होते. खर्च आणि भेटवस्तूंवर भर असणारे कमी. शिवाय देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जाणवली की घेणाऱ्याच्या मनात ओशाळलेपण वाढतं आणि कृतज्ञता घटते. त्यामुळे ‘यंदा तुझी पाळी’ हे गमतीतही बोलू नये.

भेटवस्तूऐवजी आभाराचं पत्र द्यावं. त्या व्यक्तीने नेमकं काय केलं आणि त्याने पुढे काय बदललं, एवढं एका पानात मावतं. असं पत्र देताना अवघडल्यासारखं होईल या भीतीनेच बहुतेक पत्रं राहून जातात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांना 2018 मध्ये आढळलं, की वाचणाऱ्याला किती आनंद होईल हे लिहिणारे कमी लेखतात आणि त्याला अवघडल्यासारखं होईल, हे वाजवीपेक्षा जास्त धरतात. सेलिगमन यांच्या प्रयोगात सुरुवातीला सर्वांत मोठा आनंद अशा पत्रानेच दिला, मात्र तो महिनाभरच टिकला. वही आणि पत्र, दोन्ही हवीत ती यासाठी.

या सरावाला औषध मात्र समजू नये. 27 अभ्यासांच्या 2021 मधल्या एकत्रित विश्लेषणात नैराश्य आणि चिंता यांवरचा त्याचा परिणाम लहानच निघाला. तिथे उपचारच लागतात. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर नाताळच्या जेवणाआधी प्रत्येकाला आभार मानायला लावू नये. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलावं, इतरांना गप्प बसू द्यावं.