शांत घोडा अन् सुस्त घोडा, घेण्याआधी फरक ओळखा

आपल्या विदर्भातले लोक घोडा घ्यायला सारंगखेड्याला नाहीतर माळेगावच्या यात्रेला जातात, आणि तिथं विकणारा एकच गोष्ट सांगते, "भाऊ, लय शांत हाये, पोट्टं बसवा, हलणार नाही." पहिल्यांदा घेणारा यालाच भुलते, काहून की त्याला भीती असते ती उधळणाऱ्या घोड्याची. पण न हलणारा घोडा शांत असू शकते तसा सुस्तही असू शकते, आणि खुंट्याला बांधलेले असले की दोघं सारखेच दिसतात.

शांत घोड्याला सगळं समजून राहिलं असते. बाजूनं ट्रॅक्टर गेला, कोणी ताशा वाजवला की आधी कान तिकडं वळतात, मग मान उचलते, जरासा बघते अन् परत कडब्यात तोंड घालते. सुस्त घोड्याचा कानच हलत नाही, हलला तर उशिरा. म्हणून घाबरते का हे नका पाहू, दखल घेते का ते पाहा. आता उभ्याउभ्या डुलकी घेणारा चांगला घोडाही खालचा ओठ लोंबवते, मागचा एक पाय सैल सोडते, त्यात खोट नाही, हाक मारली की जागा होते. पुढचा पाय असा पुढं काढून सैल ठेवत असेल तर मात्र दुखणं समजा.

कधी झोपेचं औषध टोचलेलं असते. मान खाली, पाय फाकवून उभा, चालवला तर मागून झोकांड्या, अन् नर असेल तर लिंग लोंबलेलं राहते, आत घेत नाही. कधी तुम्ही यायच्या आधीच पळवून पळवून दमवलेला असते, मग छातीवर अन् खोगिराखाली वाळलेल्या घामाचे पांढरे डाग सापडतात. दोन्हीला इलाज एकच, दुसऱ्या दिवशी न सांगता भल्या पहाटे जा, खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा अन् आधी विकणाऱ्याला बसू द्या.

उपाशी घोड्याचा स्वभाव ओळखणं सगळ्यात कठीण, अन् फसतात लोक ते इथंच. बरगड्या दिसून राहिल्या, पाठीचा कणा वर आला, अंगात ताकदच नाही म्हणून गरीब गायीसारखा उभा. तुम्ही दया येऊन आणता, हरभरा, ओला चारा देता, काही महिन्यांत अंग भरते आणि मग खरा स्वभाव बाहेर येते, तो चांगलाही निघू शकते, पण तुम्ही जे पाहून घेतलं ते हे नव्हतं. (गुरांचं तयार पशुखाद्य घोड्याला टाकू नका, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असते, ते घोड्याचा जीव घेते.)

आजारी असेल तर हिरड्या सांगतात. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा, पांढरी होऊन दोनेक सेकंदात परत गुलाबी झाली पाहिजे. मुळातच फिक्या असतील, पोटाखाली नाहीतर पायांना सूज असेल, अधूनमधून ताप येत असेल तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, असू शकते, तो चावणाऱ्या माश्यांमुळं पसरते. आरामात उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की लागते.

या सगळ्यात विकणारा तुम्हाला पंचकल्याणी (चारही पाय अन् तोंड पांढरं), देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), असे भोवरे दाखवत बसते. ऐकून घ्या, पण रंग अन् भोवऱ्यावरून घोडा शांत आहे का सुस्त हे कळत नाही बाप्पा.

सौदा जमला तरी ग्लॅन्डर्सची रक्त तपासणी करून घ्या, हा रोग माणसालाही होते अन् घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागते. रिपोर्ट येईपर्यंत फक्त इसार द्या अन् घोडा त्याच्याच दारात राहू द्या.