सिकलसेलचा रिपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा?

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली तपासणी साधी असते. बोटातलं थोडंसं रक्त सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात मिसळायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक (एएस, म्हणजे सिकलचं जनुक एकाच पालकाकडून आलेला) आहे की रुग्ण (एसएस, म्हणजे दोघांकडून आलेला), हे मात्र ही सोल्युबिलिटी टेस्ट सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात सोल्युबिलिटी टेस्ट फसूही शकते.

म्हणूनच नुसती गढूळ नळी पाहून शाळेत सगळ्यांसमोर 'हिला सिकल आहे' असं सांगणं हा अन्याय आहे. वाहक निरोगी असतो, त्याला औषध लागत नाही. एक जोडीदार वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सामान्य असेल, तर एसएस मूल होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के असते, आणि दर खेपेला नव्याने. हे न समजावता दिलेला रिपोर्ट स्थळं मोडतो, आणि त्याची झळ मुलीलाच जास्त बसते. म्हणून रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात, समुपदेशकासमोर द्यावा.

गर्भाची तपासणी त्याहून अवघड. साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळ एसएस आहे का, हे कळतं. त्याला किती त्रास होईल, हे मात्र कळत नाही. कुणाला वारंवार असह्य वेदना होतात, कुणी हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर नोकरी-संसार सांभाळतो. ही अनिश्चितता जोडप्याला स्पष्ट सांगायची, पण निर्णय सुचवायचा नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही त्यांना माहीत हवं.

२०२३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर या जनुकात बदल करण्याच्या तंत्रावर आधारित सिकलसेलच्या उपचाराला मंजुरी दिली. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) बाहेर काढून त्यांत असा बदल करतात की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. त्या परत सोडण्याआधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते, आणि तिने वंध्यत्व येऊ शकतं. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे रोजची हायड्रॉक्सीयुरिया आणि तिच्यासोबतची रक्ततपासणी खंड न पडता मिळणं, हे आधी व्हायला हवं. शिवाय बदल रक्त तयार करणाऱ्या पेशींत होतो, बीजपेशींत नाही. त्यामुळे एवढा खर्च करून बऱ्या झालेल्या रुग्णाकडूनही सिकलचं जनुक मुलांकडे जाणारच, आणि जोडीदाराची तपासणी त्यालाही चुकत नाही.