निराळा स्वर ऐकताना मेंदूत काय घडते?

डोक्यावर ईईजीच्या, म्हणजे मेंदूची विद्युत हालचाल टिपणाऱ्या, तारांची टोपी, कानांवर हेडफोन आणि समोरच्या पडद्यावर आवाज बंद केलेला चित्रपट. अशा बैठकीत माणसाला एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवला जातो आणि मधूनच एखादा किंचित लांब किंवा वेगळ्या पट्टीतला स्वर येतो. त्याचे लक्ष चित्रपटाकडे असले, तरी सुमारे एकपंचमांश सेकंदात मेंदू त्या बदलाची दखल घेतो आणि आलेखावर एक छोटासा खळगा उमटतो. फिनलंडचे रिस्टो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या प्रतिसादाचे वर्णन केले. भास-भ्रम आणि विचारांची विस्कळ असणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांमध्ये, विशेषतः आजार जुना झालेला असेल तर, हा खळगा उथळ आढळतो. उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या बायपोलर आजारात ही उणीव सहसा कमी असते.

एवढ्यावरून दोन आजारांची सीमारेषा सापडली असे वाटेल. पण चाचणी थोडी बदलून, निराळा स्वर आला की बटण दाबायला सांगितले, तर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारी ‘पी-३००’ नावाची लहर स्किझोफ्रेनियात क्षीण दिसते आणि भास-भ्रमांसह येणाऱ्या बायपोलर आजारातही क्षीण दिसते. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मनोविकारशास्त्राची जुनी वाटणी इथे डळमळते.

ती वाटणी एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये पक्की केली. एका बाजूला विचार आणि भावना यांची झीज करत जाणारा आजार, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळाले, आणि दुसऱ्या बाजूला उन्माद व नैराश्य यांच्या येत्या-जात्या लाटा. दोन्हींची लक्षणे एकत्र असणारे रुग्ण मात्र कुठल्याच कप्प्यात नीट बसेनात, म्हणून १९३३ मध्ये जेकब कासानिन यांनी ‘स्किझोअफेक्टिव्ह’ हा शब्द वापरला.

अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी एकत्र येऊन या प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. आधी निदान आणि मग मेंदू असा क्रम न ठेवता त्यांनी तिन्ही आजारांच्या रुग्णांचे ईईजी, डोळ्यांच्या हालचाली आणि आकलनक्षमता मोजली व केवळ त्या मोजमापांवरून गट पाडले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन गट निघाले. पहिल्यात आकलनक्षमता सर्वांत कमी आणि मेंदूचा प्रतिसाद मंद होता. दुसऱ्यात स्वतःला आवरण्याची क्षमता कमी, पण मेंदूची विद्युत हालचाल नको तितकी वाढलेली होती. तिसरा गट निरोगी माणसांच्या बराच जवळचा होता. पहिल्या गटात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण अधिक होते खरे, तरीही तिन्ही निदाने तिन्ही गटांत विखुरलेली होती.

हे सारे फरक शेकडो माणसांच्या सरासरीतले आहेत. निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, आणि औषधे व धूम्रपान यांचाही मोजमापांवर इतका परिणाम होऊ शकतो, की एकट्या माणसाचा आलेख पाहून त्याला कोणता आजार आहे हे सांगता येत नाही. ‘एकदा स्कॅन करून नक्की काय ते सांगा,’ ही घरच्यांची विनवणी अगदी समजण्यासारखी आहे. पण स्कॅनचा उपयोग आज मुख्यतः गाठ किंवा इजा नाही ना, हे पाहण्यापुरता आहे. निदान ठरते ते घरच्यांनी आणि रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरून: झोप कधी उडाली, उत्साह किंवा उदासी किती दिवस टिकली, आणि उत्साहाची किंवा उदासीची लाट नसतानाही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कानांत आवाज येत होते का. बायपोलर आणि स्किझोअफेक्टिव्ह यांतला निवाडा पुष्कळदा या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर होतो.